कादंबरी वाचून ढाळलेले अश्रु

कल्पित माणसांच्या दुःखानें आपल्या डोळ्यांस पाणी यावें, आणि शेजारच्या विधवेच्या दारांत मात्र आपलें पाऊल महिनोमहिने पडूं नये, हें ख्रिस्ती मनुष्यास शोभतें काय? कादंबऱ्या वाचणाऱ्या प्रत्येकानें हा प्रश्न आपल्या अंतःकरणास विचारावा.

कादंबरी हा प्रकार आपणांस परका नाहीं. आपल्याच बाबा पदमनजींनीं १८५७ सालीं ‘यमुनापर्यटन’ लिहून विधवांचें दुःख मराठी वाचकांपुढें मांडिलें. अलीकडचें एक उदाहरण अमेरिकेंतील आहे. केंट हारूफ हे मेथडिस्ट पाळकाचे पुत्र. मरण जवळ आलें असतां त्यांनीं २०१४ सालीं आपली शेवटची लहानशी कादंबरी लिहिली. त्याच वर्षीं ते वारले, आणि २०१५ सालीं ती ‘अवर सोल्स ॲट नाइट’ या नांवानें प्रसिद्ध झाली.

तींत मोठ्या घडामोडी नाहींत. कोलोराडोंतील एका लहान गांवीं ॲडी नांवाची सत्तरीची विधवा राहते. ती एके दिवशीं लुइस नांवाच्या विधुर शेजाऱ्याकडे जाते आणि रात्रीं आपल्या घरीं येऊन सोबत करण्याची विनंति करिते; तिला पाहिजे असतें तें केवळ बोलणें. मग अंधारांत ती गाडीखालीं सांपडून मेलेल्या आपल्या लहान मुलीविषयीं सांगते, आणि तो आपल्या संसारांतील जुना अपराध कबूल करितो. गांव कुजबुजूं लागतें. शेवटीं ॲडीच्या मुलाच्या हट्टापुढें ही सोबत मोडते, आणि रात्रीं टेलिफोनवर बोलणें तेवढें उरतें.

कोणी म्हणेल, विवाहावांचून अशी सोबत मंडळीस मान्य नाहीं. आक्षेप रास्त आहे. ती रीत उचलावी असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु रीतीस दोष देतांना गरज नजरेआड होऊं नये. तिच्या घरीं कोण जातो हें पाहणारे पुष्कळ होते. तिची रात्र कशी जाते हें विचारणारे किती होते?

आपल्या मंडळींतही पुरण्याच्या दिवशीं घर भरून जातें. कांहीं दिवस प्रार्थना होतात, भाकरी येते. पुढें जो तो आपल्या शेतांत गुंततो, आणि खरें दुःख त्यानंतरच घरांत वस्तीस येतें. ईयोबाचे मित्र सात दिवस त्याच्याजवळ मुकाट बसले, तोंवर ते खरे मित्र होते. कारणें सांगूं लागले तेव्हां त्यांनीं त्याचें काळीज चिरलें. लाजरास आपण उठविणार हें ठाऊक असूनही आपला प्रभु त्याच्या बहिणींच्या शोकांत रडला. पुनरुत्थानाची आशा रडणें बंद करीत नाहीं. रडणाऱ्याजवळ बसण्याचें बळ ती देते.

अशी कादंबरी आपणांस मध्येंच न बोलतां दुसऱ्याचें दुःख शेवटपर्यंत ऐकण्याची संवय लावूं शकते. हा लाभ लहान नाहीं. परंतु पुस्तकांतील मनुष्य आपला वेळ मागत नाहीं, जेवतांना उठवीत नाहीं, तीच गोष्ट दहा वेळां सांगत नाहीं. शेजारी हें सर्व करितो. म्हणून वाचनाची परीक्षा पुस्तक मिटल्यावर होते. वाचक हो, डोळे पुसून तसेच निजूं नका. कंदील घ्या आणि त्या दारीं जा. तेथें काय बोलावें हें सुचलें नाहीं तरी चालेल, बसा.