बंदी आणि विवेक

अहिल्यानगर जिल्ह्याच्या नेवासा तालुक्यातील सौंदाळा गावाने नोव्हेंबर २०२४ मध्ये ग्रामसभेत ठराव केला: आई-बहिणीवरून शिवी देणाऱ्यास ५०० रुपये दंड. शाळकरी मुलांना सायंकाळी ७ ते ९ मोबाईल देऊ नये, असेही ठरले. जिभेला आणि बोटाला एकाच वेळी आवर घालणारा हा विचार आम्हांस अर्थपूर्ण वाटतो. तोंडची शिवी वाऱ्यावर विरते. पडद्यावर लिहिलेली मात्र साठून राहते आणि शेकडो हातांतून फिरते.

परंतु बंदीने मूल साक्षर होते काय? २०२० साली टाळेबंदीत शाळा बंद झाल्या, तेव्हा मोबाईल हीच आपल्या मुलांची शाळा झाली. ज्या घरी तो नव्हता तेथील मूल मागे पडले. तेव्हा यंत्राला दोष देऊन भागणार नाही. माध्यमिक शाळेतील मुले ते आपल्याहून चपळाईने हाताळतात. मात्र आलेला मजकूर खरा की खोटा, तो पुढे पाठविल्याने कोणाची अब्रू जाईल, हे बोटांची चपळाई शिकवीत नाही. खोटी साक्ष न देण्याची आठवी आज्ञा येथेही लागू आहे. २०१८ च्या जागतिक संपर्क दिनाच्या संदेशात पोप फ्रान्सिस यांनी खोट्या बातमीचे मूळ एदेन बागेतील सापाच्या बोलण्यात दाखविले. कारण असत्य सत्याचाच वेष घेऊन येते.

बंदीचा खरा अर्थ आपल्या जिल्ह्याला ठाऊक आहे. हिवरे बाजारने चराईबंदी व कुऱ्हाडबंदी केली. पण तेवढ्याने डोंगर हिरवे झाले नाहीत. गावकऱ्यांनी श्रमदानाने पाणी अडविले, झाडे लावली. ७ ते ९ ची बंदीही तशीच केवळ जागा मोकळी करते. त्या दोन तासांत आईवडीलच मालिकेत वा आपापल्या मोबाईलमध्ये गढलेले असतील, तर मुलांनी कोणाकडे पाहावे? कुटुंबाची जपमाळ, अभ्यास आणि दिवसभरात पडद्यावर काय पाहिले याविषयी न रागावता केलेली विचारपूस, ही त्या मोकळ्या जागेतील लागवड होय.

७ सप्टेंबर २०२५ रोजी संतपदी आरूढ झालेले कार्लो अकुटिस २००६ साली अवघ्या पंधराव्या वर्षी निवर्तले. संगणकाच्या साहाय्याने त्यांनी ख्रिस्तशरीर संस्काराच्या चमत्कारांची माहिती जगापुढे ठेवली. संगणकीय खेळांना मात्र आठवड्यास एकच तास दिला. ती मर्यादा त्यांनी स्वतःच घालून घेतली होती.

ग्रामसभेने घातलेली मर्यादा मुलाच्या अंतःकरणाची मर्यादा होईल, तेव्हाच ते खऱ्या अर्थाने साक्षर झाले असे म्हणता येईल. हे कार्य दंडाने साधणारे नाही. ते आपल्या घरातच व्हावयास हवे.