पितळी पट्टी

आमच्या साडूंना निवृत्तीनंतर सहा महिन्यांनी जुनी स्पोर्ट्‌स कार घ्यायची इच्छा झाली. तोवर त्यांची स्वतःची अशी इच्छा कोणी ऐकलीच नव्हती. छत्तीस वर्षं बँकेत काढली, नेरूळच्या फ्लॅटचे हप्ते फेडले, दोन मुली उजवल्या. स्कूटरवरून चारचाकीवर आले तेही ताईंच्या गुडघ्यांसाठी. आणि आता हा माणूस एमजी टीसीचे फोटो मोबाइलमध्ये नातवाच्या फोटोंसारखे दाखवत फिरू लागला.

एमजी टीसी म्हणजे 1945 ते 1949 या काळात इंग्लंडात ॲबिंग्डनला बनलेली दोघांपुरती उघडी गाडी. लांब नाक, बाजूने वाहत गेलेले मडगार्ड, तारांची मोठी चाकं, पाठीवर उघडी टांगलेली स्टेपनी. बनल्या साधारण दहा हजार. अस्सल गाडी ग्रॅच्युइटीत बसणारी नव्हती, म्हणून नक्कल. तुर्भ्याच्या एमआयडीसीत एका मिस्त्रींनी तशी गाडी बांधली आहे आणि ते विकतील, ही बातमी धाकटीच्या लग्नातल्या मांडववाल्याने दिली होती.

‘‘तुम्ही चलाच. तुम्हाला गाड्यांतलं कळतं,’’ साडू म्हणाले. मला काही कळत नाही. पण साडूने असं म्हटल्यावर खोडून कोण काढतो?

निघताना त्यांनी ताईंच्या फ्रिजवरचा विठोबा खिशात टाकला. पंढरपूरहून आणलेला, मागे चुंबक असलेला. फायबरच्या बॉडीवर चुंबक धरत नाही, हे त्यांनी कुठल्याशा व्हिडिओत पाहिलं होतं.

पाम बीच रोडवर साडू रंगात आले. सोसायटीत कोणी विचारलं तर गाडी एका संस्थानिकाच्या गॅरेजमधून आली असं सांगायचं ठरलं. आता खरं सांगतो, ‘‘धाकट्या राणीसाहेबांची म्हणा,’’ ही भर माझी. सानपाड्याच्या सिग्नलपर्यंत राणीसाहेबांना टेनिसचा नाद लागला होता.

शेडमध्ये गाडी ताडपत्रीखाली होती. मिस्त्री सत्तरीकडे झुकलेले, अंगावर बंडी, चष्म्याची एक दांडी तारेने बांधलेली. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात पत्राकामाला एकोणीस वर्षं होते. मुंबईच्या टॅक्स्या झालेल्या पद्मिनी तिथे बनत. कारखाना बंद झाला तेव्हा हातातली कला घेऊन खाडीच्या या बाजूला आले.

ताडपत्री निघाली आणि साडू गप्प झाले. गाडी बाटलीसारखी हिरवी होती. साडूंनी खिशात हात घातलेला पाहून मिस्त्रीच म्हणाले, ‘‘लोहचुंबक आणलंय का? मडगार्डला लावा, पत्रा आहे, हाताने ठोकलाय. दाराला लावू नका. दार फायबरचं आहे.’’

तरी साडूंनी दाराला लावलाच. विठोबा घसरत खाली आला. मिस्त्रींनी तो उचलून पुसला आणि ड्रिल मशीनच्या खांबाला चिकटवून ठेवला.

मग एकेक गोष्ट त्यांनी न विचारता सांगितली. बॉडीच्या आत अस्सल गाडीला ॲश लाकडाचा सांगाडा असतो. इथे पाडलेल्या घरांच्या सागवानी चौकटी आहेत. अस्सल इंजिन 1250 सीसीचं. इथे पद्मिनीचं, 1089 सीसीचं. पद्मिनीचा गिअर स्टिअरिंगखाली असायचा, तो खाली आणायला दोन महिने गेले. डॅशबोर्ड मात्र जशाच्या तसा. ड्रायव्हरसमोर असतं इंजिनाचे फेरे दाखवणारं मीटर आणि वेगाचं मीटर बाजूला बसणाऱ्यापुढे.

‘‘म्हणजे मी किती वेगात आहे ते हिला दिसणार आणि मला नाही?’’ साडूंनी विचारलं.

‘‘टीसीत तसंच आहे.’’

‘‘आमच्याकडेही तसंच आहे,’’ साडू म्हणाले. ते इतक्या मोकळेपणाने हसलेले मी फार वर्षांनी पाहिले.

साडेपाच लाखांवर बोलणं सुरू झालं, पावणेपाचवर थांबलं. साडूंनी अकरा हजार इसार दिला आणि नंबरप्लेटचा विषय काढला. 2021 च्या नियमांनी विंटेज गाड्यांना ‘व्हीए’ अक्षरांचा वेगळा नंबर मिळू लागला, ते त्यांनी वाचलं होतं. वीस हजार फी भरायचीही तयारी होती.

‘‘तो पन्नास वर्षं उलटलेल्या गाडीला, साहेब. तीही मूळ रूपात हवी, चेसिस, बॉडी, इंजिनात मोठा फेरफार न केलेली. हिची चेसिसच मी चॅनल जोडून केलीय. हिला आरसी नाही. रस्त्यावर ही जात नाही, टेम्पोत चढते. लग्नाचं लॉन, शूटिंग, बस्स.’’

कंपनीने ठरवलेल्या मूळ रचनेत बदल केलेली गाडी रस्त्यावर चालणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2019 च्या जानेवारीत बजावलं आहे. ही तर मुळापासून हाताने बांधलेली. मला वाटलं, व्यवहार इथेच मोडणार. साडूंचा चेहरा उतरला खरा, पण एवढंच म्हणाले, ‘‘हरकत नाही. पार्किंगमध्ये उभी राहील.’’ तेव्हा माझ्या ध्यानात आलं. गाडी चालवायची कोणाला होती? ती लोकांना दिसायला हवी होती.

‘‘फक्त दोन बारीक कामं करून द्या,’’ साडू पुढे म्हणाले. ‘‘नाकावर एमजीचा अष्टकोनी बिल्ला लावा. आणि ही पट्टी काढा.’’

डॅशबोर्डखाली बोटभर रुंदीची एक पितळी पट्टी चार रिव्हेटांनी बसवली होती. अक्षरं छिन्नीने कोरलेली: ‘इंजिन कुर्ला. बांधणी तुर्भे. 2006.’ ‘तुर्भे’तला रफार जरा घसरलेला होता. त्याखाली मिस्त्रींचं आडनाव.

‘‘हिच्या जागी 1948 ची एखादी पट्टी मिळाली तर बघा,’’ साडूंनी सुचवलं.

मिस्त्रींनी टेबलाचा खण उघडला, इसाराच्या नोटा काढल्या आणि मोजायला लागले.

‘‘अहो, झालं काय?’’

‘‘कारखान्यात प्रत्येक गाडीला पट्टी असायची. नंबर, कुठे बनली, सगळं. दिवसाला किती ठोकल्या असतील, गणती नाही. त्यांतल्या एकीवरही माझं नाव नव्हतं, आणि असायचं कारणही नव्हतं. ही पहिली.’’ नोटा त्यांनी साडूंच्या हातावर ठेवल्या. ‘‘दाराला वेगळा रंग मारून देतो. सीटचं कापड बदलून देतो. हे नाही जमणार.’’

‘‘पैसे मी देतोय. गाडी माझी होणार,’’ साडूंचा आवाज चढला.

‘‘झाल्यावर उपटा की. मी पाहायला येणार नाही. पण तुम्ही ते मलाच करायला सांगताय.’’

परतीच्या वाटेवर साडू मिस्त्रींना अडाणी म्हणाले, हेकट म्हणाले, धंदा कळत नाही म्हणाले. मी हं हं करत होतो. सानपाड्याच्या त्याच सिग्नलला लाल दिवा लागला. राणीसाहेबांचं नाव दोघांनीही काढलं नाही.

प्रकरण तिथेच संपायचं, पण विठोबा ड्रिल मशीनवर राहिला होता. फ्रिजवरची जागा मोकळी दिसली आणि ताईंनी हिशेब मागितला. पुढच्या रविवारी साडू एकटेच तुर्भ्याला गेले. अर्ध्या तासात येतो म्हणाले होते, दिवेलागणीला परतले. विठोबा आणला, पण शर्टाच्या बाहीला प्रायमर लागलेला. मिस्त्रींनी दुसरी गाडी बांधायला घेतली होती. मडगार्ड धरायला माणूस नव्हता, म्हणून यांनी धरलं.

त्याला आता पावणेदोन वर्षं झाली. साडू दर रविवारी डबा घेऊन जातात. आधी पॉलिश पेपर मारायला शिकले, मग पुट्टी भरायला. पत्रा ठोकायला मिस्त्रींनी गेल्या दिवाळीनंतरच परवानगी दिली. ताईंची तक्रार एवढीच की बँकेत असताना इतके कधी दमून येत नव्हते. सोसायटीत कोणी विचारलं तर संस्थानिकाचं नाव निघत नाही. साडू मोबाइल काढतात आणि डाव्या मडगार्डचा फोटो दाखवतात. त्यातला एक खड्डा त्यांनी स्वतः काढलाय. कुठला, ते आपल्याला दिसत नाही; ते बोट ठेवून दाखवतात.

हिरवी गाडी विकली गेली नाही. लग्नसराईत भाड्याने जाते, टेम्पोतून, पट्टीसकट.

दुसरीचं रंगकाम बाकी आहे. तिच्या पट्टीसाठी पितळेचा तुकडा साडूंनीच आणून ठेवलाय. मिस्त्रींच्या आडनावाशेजारी आपलं आडनाव मावेल का, हे त्यांनी पट्टीने मोजूनही पाहिलंय. मिस्त्री अजून हो म्हणालेले नाहीत. उजवं मडगार्ड पाहून सांगतो म्हणतात.