विकणाऱ्याचे मौन

देवळा तालुक्यात लोहोणेर येथे गिरणा वाहते. नदीकाठचे घर विकताना, पूर्वी त्यात पुराचे पाणी शिरले होते हे विकणाऱ्याने आपण होऊन सांगावे काय? कित्येक म्हणतात, "घेणाऱ्याने विचारले नाही, आम्ही खोटे बोललो नाही, मग दोष कोणता?"

हे म्हणणे आम्हांस मान्य नाही. नाशिकास २००८ व २०१९ साली गोदावरीस पूर आले, तेव्हा पाणी किती चढले हे दुतोंड्या मारुतीकडे पाहून सर्वांस कळले. घरातील पाण्याची खूण मात्र चुना लावला की बुजते. ती घरधन्यासच ठाऊक असते. अशा ठिकाणी मौन हेच असत्य होय. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे ५५ वे कलमही असेच आहे: जो महत्त्वाचा दोष विकणाऱ्यास ठाऊक असून घेणाऱ्यास साधारण काळजीने कळणार नाही, तो विकणाऱ्याने उघड करावा, न केल्यास ती लबाडी गणली जाते.

खरे सांगितल्याने किंमत उतरेल, आणि विकणारा कदाचित कर्जाने गांजलेला असेल, हे आम्ही जाणतो. परंतु ते नुकसान पुराने आधीच केलेले आहे. मौनाने ते दुसऱ्याच्या लेकरांच्या उशाशी जाऊन बसते. घेणाऱ्यास ठाऊक असेल तर तो जोते उंच करील, धान्य माळ्यावर ठेवील, किंवा घर घेणारच नाही.

म्हणून वाचकहो, खरेदीखतावर सही होण्यापूर्वी भिंतीवर बोट ठेवून सांगावे, "पाणी येथवर आले होते."