लेखणी कोणावरून उचलली?

खामगाव, चिखली किंवा मेहकरचा गंभीर रुग्ण अकोल्याला अथवा छत्रपती संभाजीनगरला हलविला जातो आणि अतिदक्षता विभागाच्या दाराशी ताटकळणाऱ्या नातलगांना एक आकडा ऐकविला जातो : पंधरापैकी सहा. तेवढ्यावर घरात कुजबुज सुरू होते, "आता त्यांना काय कळणार?" मग रुग्णाच्या उशाशीच शेताच्या वाटणीच्या गोष्टी निघतात.

ही पद्धत ग्लासगोच्या ग्रॅहम टीसडेल व ब्रायन जेनेट यांनी 1974 मध्ये मांडली. डोळे उघडण्याला 4, बोलण्याला 5, हालचालीला 6 गुण. कमीत कमी 3. तिच्यात मोजला जातो तो केवळ मिळालेला प्रतिसाद. घशात नळी असेल तर बोलणे तपासताच येत नाही. गुंगीचे औषध चालू असेल तर आकड्यात आजार किती व औषध किती, हे सांगणे कठीण. गुंगीची मोजपट्टी निराळी आहे : अधिक 4 पासून उणे 5 पर्यंत, शून्य म्हणजे शांत आणि जागा. म्हणून रुग्णाला घरी नेण्याचा निर्णय घेण्यापूर्वी विचारावे, ही तपासणी औषधाचा अंमल उतरल्यावर केली होती का? वेदना शमविण्यासाठी गरजेपुरती गुंगी देणे जायज आहे. "कलमा पढू द्या, औषध बंद करा" हा नातलगांचा हट्ट मला तरी दयेचा वाटत नाही.

झोपलेला जागा होईपर्यंत, मूल वयात येईपर्यंत आणि वेड्याला भान येईपर्यंत त्यांच्यावरून लेखणी उचलली आहे, असा हदीसचा आशय आहे. बेशुद्धी एक दिवस-रात्रीहून लांबली तर त्या नमाजांची कजा नाही, असे हनफी फिकह सांगते. परंतु ही सवलत रुग्णाची आहे. उशाशी बसलेल्यांची लेखणी चालूच असते.

प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या अखेरच्या आजारातील एक प्रसंग सहीह बुखारीत हजरत आयशा (रजि.) यांच्याकडून आला आहे. घरच्यांनी त्यांच्या मुखात औषध घातले. ते खुणेने नको म्हणत होते. घरच्यांना वाटले, रोग्याला औषध नकोसे वाटतेच. बरे वाटताच प्रेषितांनी (स.) जाब विचारला आणि घरात असलेल्या प्रत्येकाला तेच औषध पाजण्यास सांगितले. हजरत अब्बास (रजि.) तेवढे वगळले, कारण ते तेथे हजर नव्हते. माया करणाऱ्या माणसांनीच खूण चुकीची वाचली होती.

खूण वाचण्याचे काम आपल्याच राज्यात, परळच्या केईएम रुग्णालयातील परिचारिकांनी दीर्घकाळ केले. 27 नोव्हेंबर 1973 च्या हल्ल्यानंतर अरुणा शानबाग या त्यांच्या सहकारी परिचारिका अंथरुणाला खिळल्या. त्यांचे अन्न बंद करावे, ही मागणी सर्वोच्च न्यायालयाने 7 मार्च 2011 रोजी फेटाळली. न्यायालयाने नेमलेल्या डॉक्टरांनी तपासले तेव्हा त्यांचा मेंदू मृत नव्हता. बोलणे नव्हते, पण घास आवडला की नावडला, हे भरविणारीला कळत असे. 37 वर्षे पडून असलेल्या त्या देहावर शय्याव्रण नव्हते. 18 मे 2015 रोजी त्या वारल्या, तोपर्यंत कोणी ना कोणी परिचारिका त्यांना कुशीवर वळवीत होती.