चालू आणि दुरुस्त

मी ‘झालं’ म्हणालो आणि दादाने मला चहा पाजला. या लेखातला प्रश्न त्या एका शब्दाचा आहे.

दादा म्हणजे माझा मावसभाऊ. राहतो रोह्याला. महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं तेव्हापासून त्याच्या डोक्यात एकच किडा होता: एक जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घ्यायची, सीटा काढायच्या, आत झोपायची आणि स्वयंपाकाची सोय करायची आणि ती गाडी भाड्याने द्यायची. कोलाडला कुंडलिकेवर राफ्टिंगला येणारे, काशीद-मुरूडला जाणारे, सगळे रोह्याच्या आसपासूनच जातात. शेवटी कर्ज काढून त्याने ते केलं. दोन बिछाने, गॅसची शेगडी, बेसिन, १२ व्होल्टची बॅटरी आणि छतात एक व्हेंट. हा व्हेंट त्याचा विशेष लाडका. रिमोटचं बटण दाबलं की झाकण उचललं जातं आणि आतला पंखा गरम, दमट हवा बाहेर फेकतो. वर पावसाचा सेन्सर. थेंब पडले की झाकण आपोआप बंद. पाऊस असतानाही हवा हवी असेल तर सेन्सर बंद ठेवून झाकण थोडं किलकिलं ठेवता येतं. गिऱ्हाइकांना तो हे करून दाखवायचा तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा असायचा.

जुलैत हा व्हेंट मनाला येईल तसा वागायला लागला. उघडा ठेवलेला असताना अचानक मिटायचा. कधी रिमोट ऐकायचा, कधी नाही. शनिवारी एक कुटुंब गाडी घेऊन जाणार होतं. आई-वडील, दोन मुलं, एक आजी. मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, घर पेणला. शुक्रवारी पेणला आलोच होतो, तर दादाचा फोन: “तू इंजिनिअर ना रे? ये आणि बघ.”

घरच्यांच्या लेखी इंजिनिअर हा एकच प्राणी असतो, हे इथे सांगायला नको.

रोह्याला पोचल्यावर मी शहाण्यासारखी सुरुवात केली. आधी रिमोट. टीव्हीच्या रिमोटसारखाच तोही डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांवर चालतो, पण मोबाइलच्या कॅमेऱ्यातून पाहिलं की पुढचा दिवा जांभळट लुकलुकताना बहुधा दिसतो. दिसला. म्हणजे रिमोट ठीक. मग बॅटरी. मल्टिमीटर लावला, १२.६ व्होल्ट. उत्तम. मग संशय पावसाच्या सेन्सरवर. हा सेन्सर म्हणजे एकमेकांत बोटं गुंतवल्यासारख्या दोन उघड्या तांब्याच्या पट्ट्या असतात. त्यांच्यामध्ये पाणी आलं की वीज वाहते आणि यंत्राला वाटतं, पाऊस आला. धूळ आणि ओल साचली की कोरड्या दिवशीही त्याला पाऊस दिसू शकतो. मी वर चढून तो फडक्याने स्वच्छ पुसला. खाली येऊन, बिछान्याखाली हात घालून मेन स्विच बंद केला, दहा सेकंद थांबून चालू केला. बटण दाबलं. झाकण उघडलं. परत दाबलं, मिटलं. वीस वेळा केलं. वीसही वेळा चाललं.

“झालं?” दादाने विचारलं.

“झालं,” मी म्हणालो. “सेन्सर घाण झाला होता.”

शनिवारी कुटुंब गेलं. रात्री धो-धो पाऊस होता. गाडी नदीकाठच्या एका शेतात उभी होती. खिडक्या बंद करून त्यांनी आत खिचडी केली, खाल्ली, झोपले. रविवारी संध्याकाळी खूश होऊन परतले. आजींनी तर दादाला आशीर्वाद दिला. काहीही वाईट झालं नाही.

*

दोन आठवड्यांनी दादाला शेगडीवर एक जास्तीचा दिवा हवा होता, म्हणून मी छताच्या आतलं पॅनेल उघडलं. व्हेंटची निगेटिव्ह वायर गाडीच्या पत्र्याला एका स्क्रूने जोडली होती. वायरच्या टोकाला असते ती रिंग, तिला इलेक्ट्रिशियन ‘लग’ म्हणतात. ती बोटाने गरगर फिरत होती. खाली रंग आणि गंज.

आता मल्टिमीटर नीट लावला: एक टोक व्हेंटच्या निगेटिव्हला, दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हला. तिथे जवळजवळ शून्य यायला हवं. पंखा चालू होता तोवर थोडंच दिसत होतं. झाकणाची मोटर सुरू झाली आणि आकडा तीन व्होल्टपर्यंत उसळला. गणित शाळेतलंच आहे. सैल जोडाचा रोध अर्धा ओहम धरा, मोटर आणि पंखा मिळून सहा अँपिअर खेचतात असं धरा, की तीन व्होल्ट वाटेतच खर्च. बारातले नऊ उरतात. तेवढ्यावर आतला छोटा कंट्रोलर तग धरत नाही, तो बंद पडून पुन्हा सुरू होतो. सुरू झाल्यावर झाकण किती उघडं होतं हे त्याला आठवत नाही. म्हणून तो आधी झाकण पूर्ण मिटवतो आणि तिथून मोजायला लागतो. त्या काही सेकंदांत रिमोट दाबला तर ऐकत नाही. सगळी लक्षणं जुळली.

शुक्रवारी मी बॅटरी मोजली होती ती सगळं बंद असताना. जिना चढताना धाप लागणाऱ्या माणसाला आरामखुर्चीत बसवून नाडी बघावी आणि ‘ठणठणीत आहात’ म्हणावं, तसं.

मग त्या दिवशी ते चाललं कसं? बहुतेक वर चढताना छत दाबलं गेलं आणि लग थोडी घट्ट बसली. सेन्सर पुसण्याचा, स्विच बंद-चालू करण्याचा काही संबंध नसावा. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली होती, आणि मी कावळ्याचं वजन मोजून रिपोर्ट दिला होता.

संस्कृतात यालाच काकतालीय न्याय म्हणतात. आपल्याकडच्या तर्कपरंपरेने त्यावरचा उपायही सांगून ठेवला आहे: अन्वय आणि व्यतिरेक. कारण असेल तेव्हा कार्य असतं, हा अन्वय. कारण नसेल तेव्हा कार्यही नसतं, हा व्यतिरेक. दोन्ही बाजू तपासल्याशिवाय कारण सापडलं म्हणायचं नाही. आम्ही ऑफिसात हेच इंग्रजीत म्हणतो: आधी बग पुन्हा घडवून दाखव. त्या रविवारी मी ते केलं. लग सैल केली, व्हेंट वेडा झाला. पॉलिश पेपरने गंज काढून घट्ट आवळली, शहाणा झाला. पुन्हा सैल, पुन्हा वेडा. दोष हुकमी परत आणता आला तेव्हाच तो गेला याची खात्री पटली. शुक्रवारी मी वीस वेळा फक्त तो नसताना पाहिला होता.

*

इथवरची गोष्ट तांत्रिक आहे. अडचण पुढे आहे.

व्हेंट मिटला असता आणि आत शेगडी पेटलेली असती तर काय? बंद जागेत गॅस जळत राहिला की प्राणवायू कमी होतो, ज्वलन अर्धवट होतं आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होऊ शकतो. त्याला वास नाही, रंग नाही. माणसाला डोकं दुखतंय इतकंच वाटतं, आणि झोपलेल्याला तेवढंही वाटत नाही. त्या रात्री व्हेंट उघडा होता की मिटलेला, हे कोणालाच ठाऊक नाही.

विल्यम क्लिफर्ड नावाच्या इंग्रज गणितज्ञाने १८७७ मध्ये श्रद्धेच्या नीतीवर एक निबंध लिहिला. त्यात एक जहाजमालक आहे. जहाज जुनं, अनेकदा डागडुजी केलेलं. मनात शंका येते, पण इतक्या फेऱ्या सुखरूप झाल्या तर हीही होईल, असं तो स्वतःला पटवतो. पटतंही. प्रवाशांना मनापासून निरोप देतो. जहाज बुडतं. क्लिफर्ड म्हणतो, तो दोषी आहे, कारण त्याचा विश्वास प्रामाणिक असला तरी तो बाळगण्याचा अधिकार त्याने कमावला नव्हता. आणि मग तो असा प्रश्न विचारतो ज्याने मला झोप येईना: समजा जहाज बुडालंच नाही, सुखरूप पोचलं, तर? त्याच्या मते दोष तसूभरही कमी होत नाही. तो दोषी नव्हता असं नाही, सापडला नाही इतकंच.

आजींचा आशीर्वाद मला तेव्हापासून टोचतो.

मी हे दादाला सांगितलं. त्याने शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, “म्हणजे कसं करायचं सांग. मी गिऱ्हाइकाला म्हणू का, साहेब, झाकण बहुतेक चालेल? पुढच्या महिन्याचा हप्ता तू भरशील का? प्रत्येक गोष्टीचं मूळ सापडेपर्यंत थांबलो ना, तर गाडी अंगणातच सडेल.”

दादाने विल्यम जेम्स वाचलेला नाही, पण १८९६ मध्ये जेम्सने क्लिफर्डला दिलेल्या उत्तराचा एक पदर हाच आहे: पुरेसा पुरावा हाती येईपर्यंत आयुष्य थांबत नाही, आणि निर्णय न घेणं हाही एक निर्णयच असतो. शिवाय मूळ तरी कुठे संपतं? लग सैल का झाली? गाडी हादरते म्हणून. का हादरते? वर्षानुवर्षं काम चालू असलेल्या मुंबई-गोवा महामार्गावरून जाते म्हणून. असं करत गेलो तर व्हेंट दुरुस्त करायला मंत्रालयात जावं लागेल.

माझा स्वतःचा धंदाही दादाच्याच बाजूने आहे. सर्व्हर अडकला की आधी रीस्टार्ट करतो. कारण न सापडलेले कितीतरी बग आम्ही ‘पुन्हा घडवता आला नाही’ असा शेरा मारून बंद करतो. टेलिफोन एक्स्चेंजसाठी एरिक्सन कंपनीत जन्मलेली एर्लांग ही भाषा तर कोसळू दे आणि नव्याने उभं कर, याच तत्त्वावर रचलेली आहे. आणि ती उत्तम चालते. म्हणजे रीस्टार्ट हे पाप नाही.

मग मी नक्की चुकलो कुठे?

*

उत्तर पेणला मिळालं, आणि तेही तत्त्वज्ञानाच्या पुस्तकात नाही.

आमच्या घराशेजारी गणपतींचा कारखाना आहे. पेणमध्ये हे शेकड्यांनी आहेत. जुलै-ऑगस्टमध्ये तिथे एकच चिंता असते: मूर्ती वाळणं. रायगडात पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि नेमक्या त्याच दिवसांत शाडूची माती वाळवायची असते. ओली माती गडद दिसते, वाळली की फिकी होते. पण बाहेरून फिकी झालेली मूर्ती आत ओली असू शकते. तिच्यावर रंग चढवला तर पुढे पोपडे निघतात किंवा तडा जातो.

मी तिथे रिकामटेकडा उभा होतो. पोऱ्याने एका मूर्तीकडे बोट दाखवून विचारलं, “काका, ही घेऊ का रंगाला?” काकांनी मूर्तीच्या पाठीवर पालथा हात ठेवला. थंड लागली असावी.

“वरून वाळलीय,” ते म्हणाले. “राहू दे.”

काकांनी मूर्ती फोडून पाहिली नव्हती. आतली ओल त्यांनाही दिसत नव्हती. पण ‘वाळलीय’ आणि ‘वरून वाळलीय’ हे दोन वेगळे शब्द त्यांच्याकडे होते आणि त्यांनी योग्य तो वापरला. तेवढ्यावर पोऱ्याने मूर्ती बाजूला ठेवली.

मराठीत माझ्याकडेही दोन शब्द होते. ‘चालू झालंय’ आणि ‘दुरुस्त झालंय’. रस्त्यावरचा चांगला मेकॅनिक हा फरक कसोशीने पाळतो. तो म्हणतो, “चालू करून दिलीय, घरापर्यंत जाईल, पण उद्या दाखवून घ्या.” ‘चालू’ हे मी पाहिलेल्या गोष्टीचं वर्णन आहे. ‘दुरुस्त’ हे मला कारण कळल्याचं आश्वासन आहे. शुक्रवारी मला पहिला शब्द वापरण्याचा हक्क होता. मी दुसरा वापरला, आणि वर ‘सेन्सर घाण झाला होता’ असं फुकटचं कारणही चिकटवलं. ते का, हे मला नीट माहीत आहे. भाऊ समोर उभा होता, मी इंजिनिअर होतो, आणि ‘चाललंय खरं, पण का ते कळलं नाही’ असं म्हणायला लाज वाटली.

म्हणून क्लिफर्डशी मी पूर्ण सहमत नाही आणि दादाशीही नाही. पुराव्याशिवाय पुढे जावं लागतं, हे खरं. पण पुढे जाणाऱ्याला आपण कशावर उभे आहोत हे कळलं पाहिजे. एर्लांगमध्येही कोसळलेल्या प्रक्रियेची नोंद होते, देखरेख करणाऱ्याला खबर जाते. माझ्या ‘झालं’ने ती खबरच दाबली. दादाला नुसतं ‘चालू झालंय’ म्हटलं असतं, तर तो गाडी थांबवता ना. पण कुटुंबाला म्हणाला असता, “शेगडी पेटवलीत तर एक खिडकी उघडी ठेवा.” आजी ज्या गाडीत झोपल्या होत्या तिथे तेवढं एक वाक्य असायला हवं होतं, आणि ते माझ्यामुळे नव्हतं.

कंट्रोलरचं वागणंही मला आता खटकतं. शंका आली की झाकण मिटायचं, हे बनवणाऱ्याला सुरक्षित वाटलं, कारण त्याच्या डोळ्यांसमोर ओला होणारा बिछाना होता. आत श्वास घेणारी माणसं नव्हती. खात्री नसताना आपण कोणत्या बाजूला झुकतो, यात आपण कोणाचा विचार केला ते उघड होतं. मीही झुकलो होतो, माझ्या अब्रूच्या बाजूला.

आता गाडीत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आहे. शेगडीवर दादाच्या अक्षरात पाटी आहे: गॅस पेटवण्याआधी खिडकी उघडा, झाकण हाताने फिरवून उघडता येतं. मला वाटलं होतं पाटीने गिऱ्हाइकं बिचकतील. अजून तरी कोणी बिचकलेलं नाही.

गेल्या आठवड्यात दादाचा पुन्हा फोन आला. बेसिनचा पंप मध्येच थांबत होता, त्याने काहीतरी हलवलं आणि सुरू झाला.

“झालं का मग?” मी विचारलं.

“चालू झालाय,” तो म्हणाला. “तू ये.”