माझ्या यादीतला पाचवा

दहावीचा निकाल लागला की पालक माझ्या ओसरीवर यायचे. एका हातात पेढ्यांचा पुडा, दुसऱ्या हातात गुणपत्रिकेची झेरॉक्स. "सर, पोराला कुठं घालू?" मी चौतीस वर्षं गणित शिकवलं, उत्तर तोंडपाठ होतं. ७५ टक्क्यांच्या वर सायन्स, ६०च्या आसपास कॉमर्स, त्याखाली आर्ट्स. काठावर पास झालेल्याला सांगायचो, "आयटीआय कर, हाताला काम तरी लागेल."

ते 'तरी' आज मला टोचतं. तालुक्याचं आयटीआय शाळेपासून दोन किलोमीटरवर होतं, पण नोकरीत असेपर्यंत मी त्याच्या फाटकातून आत गेलो नाही. फिटर आणि टर्नर यांच्या कामात फरक काय, हे मला कुणी विचारलं असतं तर मी विषय बदलला असता. वेल्डरचा ट्रेड एका वर्षाचा, इलेक्ट्रिशियनचा दोन वर्षांचा. पुढे १९६१च्या शिकाऊ उमेदवार कायद्यानुसार विद्यावेतन घेत उमेदवारी करता येते. दहावीनंतर दोन वर्षांचा ट्रेड केलेल्याला पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षासाठी अर्ज करता येतो. हे सगळं मला निवृत्तीनंतर कळलं. म्हणजे इतकी वर्षं मी ज्या वाटेवरून पोरांना परत फिरवत होतो, ती कुठं जाते हेच मला ठाऊक नव्हतं.

अज्ञान एक वेळ माफ होईल. पण २०११चा जून आठवला की तेवढ्यावर भागत नाही.

त्या वर्षी एका मुलाला ७८ टक्के पडले. शाळेचा पाण्याचा पंप बंद पडला की शिपाई त्यालाच वर्गातून उठवून न्यायचा. त्याला इलेक्ट्रिशियन व्हायचं होतं. मी त्याच्या वडिलांना म्हणालो, "एवढे मार्क पाडून वायरी जोडत बसणार का?" वडील म्हणाले, "तुम्ही सांगाल तसं, सर."

खरी गोष्ट अशी की आमच्या अकरावी सायन्सचा पट त्या वर्षी भरत नव्हता. पट घटला असता तर तुकडी गेली असती आणि दोन सहकारी अतिरिक्त ठरले असते. आम्हा प्रत्येकाला पाच मुलं आणायला सांगितलं होतं. हा माझ्या यादीतला पाचवा.

त्याच्या भल्याचा विचार माझ्या मनात नव्हताच, असंही नाही. होता. तुकडीचाही होता. दोन्ही एकत्र होते म्हणून तर बोलताना जीभ अडखळली नाही, आणि पुढं कित्येक वर्षं मला फक्त पहिलाच आठवत राहिला.

२०१३ला तो बारावीत गणित आणि फिजिक्समध्ये नापास झाला. ऑक्टोबरलाही तेच. २०१४ला तो आयटीआयला गेला. आज स्टँडजवळ त्याचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. गेल्या उन्हाळ्यात माझ्या विहिरीवरची मोटार जळाली, तेव्हा मी तिथं गेलो. त्यानं स्टूल पुसून दिलं, चहा सांगितला. कॉइल उलगडता उलगडता, अगदी सहज, म्हणाला, "सर, ती वर्षं मला वाटायचं, मी ढ आहे."

तीन वर्षांचा उशीर मी मनात कधीच मांडून ठेवला होता. हे मात्र माझ्या हिशेबातच नव्हतं.

त्याला पट आणि यादी यांबद्दल सांगावं, असं ओठांवर आलं होतं. गिऱ्हाईक आलं, मी पैसे दिले आणि उठलो. गिऱ्हाईक नसतं तरी बोललो असतो का, याचं उत्तर मला ठाऊक आहे.

यंदा जूनमध्ये जे गुरुजी पोरांना सल्ला देतील, त्यांना एवढीच विनंती: आधी एकदा ते फाटक ओलांडून आत जाऊन या. आणि सल्ला देताना आपल्या खिशात कुठली यादी आहे, ते चाचपून पाहा.

आमची सायन्सची तुकडी अजून चालू आहे.