गेटची चावी

भाचा बोरिवलीहून राहायला आला की रात्री आम्ही सिनेमा लावतो. त्याला अवकाशातल्या गोष्टी आवडतात आणि त्यातली माणसं चुकली की त्याचा जीव वरखाली होतो. ‘प्रोमिथियस’मधले शास्त्रज्ञ परक्या ग्रहावर हेल्मेट काढतात तेव्हा तो ओरडला, “मामा, एवढे शिकलेले आणि एवढीही अक्कल नाही?” तिथे माझं त्याच्याशी दुमत नाही. तो निष्काळजीपणा आहे, कथा पुढे रेटायला केलेली सोय. पण परवा आम्ही रिडली स्कॉटचा 1979चा ‘एलियन’ पाहिला आणि मी एका दाराशी अडकलो.

नोस्ट्रोमो नावाचं मालवाहू यान, त्यावर सात माणसं. केनला बाहेरून परत आणतात तेव्हा त्याच्या चेहऱ्याला एक जीव चिकटलेला असतो. कप्तान डॅलस म्हणतो, दार उघड. आतली रिप्ली म्हणते, चोवीस तास विलगीकरणाचा नियम आहे, उघडणार नाही. ॲश परस्पर दार उघडतो आणि मग एकेक माणूस मरत जातं. भाचा म्हणाला, “तिचं ऐकलं असतं तर?”

मी गप्प बसलो. मे 2020मध्ये, मुलुंड पूर्वेला, आमच्या इमारतीच्या गेटची चावी माझ्याकडे होती. सेक्रेटरी मीच. ताप असलेल्या कुणालाही कोविडचा रिपोर्ट येईपर्यंत आत घ्यायचं नाही, या ठरावावर सही माझी. रात्री अकराला चौथ्या मजल्यावरचे काका डायलिसिसहून परतले. वॉचमनने कपाळासमोर थर्मामीटर धरला : 101. रिपोर्ट सकाळी यायचा होता. काका गेटबाहेर प्लास्टिकच्या खुर्चीत बसले. वर गॅलरीत काकू उभ्या होत्या, एक शब्द न बोलता. मी खूप विचार करून ठरवलं असं नंतर सगळ्यांना सांगितलं. खरं म्हणजे मी त्यांच्या दंडावरच्या पट्टीकडे बघत होतो. सुया काढल्या होत्या तिथून रक्त पाझरत होतं. मी गेट उघडलं.

रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. पालिकेच्या टी वॉर्डाची माणसं इमारत सील करून गेली. चार दिवसांनी पहिल्या मजल्यावरच्या आजींना ताप आला. काकांमुळेच आला की कसा, हे कुणालाच सांगता येणार नाही. आजी अठरा दिवस रुग्णालयात होत्या. दोघंही घरी आले, म्हणून आज लोक म्हणतात, तुम्ही माणुसकी दाखवलीत. आजी आल्या नसत्या तर याच लोकांनी मला काय म्हटलं असतं?

फळावर आपला अधिकार नाही, हे गीतेतलं सांगणं मी अनेक वर्षं दिलासा म्हणून वाचत आलो. त्या रात्रीनंतर तो दिलासा राहिला नाही. फळ हे माप नसेल तर वाईट परिणाम जसा मला दोषी ठरवत नाही, तसा चांगला परिणाम मला सोडवतही नाही. मग माप कोणतं? बुद्धी, म्हणजे मनातला हेतू म्हणावा, तर डॅलसला आणि ॲशला एकच दार उघडं हवं होतं. डॅलसला आपला माणूस वाचवायचा होता. ॲश यंत्रमानव निघतो. तो जीव घेऊन या, माणसं गेली तरी चालतील, असा कंपनीचा हुकूम त्याच्याकडे असतो. हेतूंत जमीन-अस्मानाचं अंतर, पण आतल्यांवर ओढवलं ते एकच. आणि रिप्लीचा नकार, तीही आतल्यांसाठीची करुणाच होती.

मला धर्मराज आठवत राहतो. आव्हान नाकारायचं नाही या प्रतिज्ञेपायी तो द्यूताला बसला, द्रौपदीला पणाला लावलं, आणि धृतराष्ट्राने सगळं परत दिल्यावर पुन्हा बसला. त्या निर्णयाची बाजू मला कधीच घेता आली नाही. पण तोच माणूस शेवटी, इंद्राचा रथ समोर असताना, कुत्र्याला सोडून यायला नकार देतो. वाटेत द्रौपदी पडली, चौघे भाऊ पडले, तेव्हा तो थांबला नव्हता, याची इंद्र त्याला आठवण करून देतो. त्याचं म्हणणं असं, की मेलेल्यांना मी उठवू शकत नाही. हा जिवंत आहे, आश्रयाला आला आहे. इंद्राचा हिशेब बिनचूक होता, तरी मन धर्मराजाकडे झुकतं. काका जिवंत होते, दाराशी होते. पण आजीही जिवंत होत्या, माझ्याच भरवशावर आत झोपल्या होत्या. फक्त त्या मला दिसत नव्हत्या.

सिनेमाच्या शेवटाकडे, यान सोडून पळायची घाई असताना, नियम पाळणारी तीच रिप्ली जोन्स नावाच्या मांजराला शोधत फिरते. “आता ही कशाला मांजराच्या मागे?” भाचा म्हणाला. मी सिनेमा थांबवला आणि त्याला त्या रात्रीचं सगळं सांगितलं. तेव्हा तो लहान होता, त्याला काहीच ठाऊक नव्हतं. बराच वेळ तो बोलला नाही. मग म्हणाला, “मामा, त्या आजींना कधी विचारलंस?”

नाही विचारलं. पायऱ्या चढल्या की डाव्या हाताला त्यांचं दार आहे. उद्या दुपारी, त्यांची झोप झाल्यावर, जाणार आहे.